‘पंधरा दिवसांत पैसे’ म्हणणाऱ्या कंपनीला पेडण्याचे घर द्यावे का?

फोंड्याची_बाय

नमस्कार मंडळी. विषय लांबलचक आहे, सवड असेल तरच वाचा.

पेडणे तालुक्यात, धारगळपासून चार किलोमीटर आत आमचे चिऱ्याचे घर आहे. वडिलांनी १९७९ मध्ये बांधले. जमीन त्यांनी त्याच्या दोन वर्षे आधी विकत घेतली होती, म्हणजे चुलत्यांचे वाटे वगैरे भानगड नाही. वसरी, सोपो, दोन खोल्या, मागे न्हाणी, बाजूला विहीर. प्लॉट ६१२ चौरस मीटर. एक फणस, तीन माड आणि एक भिरंडीचे झाड. ते इतके धरते की सोलांसाठी शेजारणी न विचारता येऊन फळे नेतात. (नेऊ देत. आई असतानाही नेत.)

वडील २००९ मध्ये गेले, आई २०२२ मध्ये. आम्ही तिघे. मी फोंड्याला, शाळेतून निवृत्त. बहीण सावंतवाडीला दिलेली. भाऊ डोंबिवलीत. आई गेल्यापासून घर बंद आहे. महिन्यातून एकदा मी जाते: फोंडा ते पणजी, पणजी ते म्हापसा, म्हापशाहून पेडण्याची बस पकडून धारगळला उतरायचे आणि पुढे पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकल. पोचून दारे-खिडक्या उघडून केर काढेपर्यंत परतीची वेळ होते. गेल्या मे महिन्यात छपराचे नळे परतायला ३८ हजार गेले. जूनमध्ये माकडांनी त्यातले वीसेक पुन्हा फोडले. सोप्याच्या एका वाशाला वाळवी लागली आहे, ती मला वर बघितल्याशिवाय राहवत नाही आणि बघितले की झोप लागत नाही.

विकायचे तिघांनी मिळून ठरवले. भावाची इमारत पुनर्विकासाला गेली आहे, जादा जागेचे १६ लाख त्याला मार्चपर्यंत भरायचे आहेत. घाई त्याची आहे, आम्हा दोघींची नाही, हे आधीच सांगते.

म्हापशाच्या एका एजंटाने ८५ लाख भाव काढला. आठ महिन्यांत पाच गिऱ्हाइके आली. एकाने घर न बघताच मोपा विमानतळ किती मिनिटांवर ते मोजले. एका जोडप्याने विहिरीपाशी अर्धा तास फोटो काढून घेतले आणि पुन्हा फोन केला नाही. एकाने विचारले, विहीर बुजवून तिथे पूल करता येईल का. मला आधी नदीवरचा पूल वाटला.

मग भाच्याने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. ‘घर आहे तसे घेतो. दुरुस्ती नको, दलाली नको, पंधरा दिवसांत पैसे.’ त्याने माहिती भरली आणि दोन तासांत फोन आला. मुलगी हिंदीत बोलत होती, अगदी गोड. फोनवर म्हणाली ७८ लाखांपर्यंत जाईल. चौथ्या दिवशी दोन मुलगे आले. लेझरने भिंती मोजल्या, ड्रोन उडवला, आजूबाजूची कुत्री पिसाळल्यासारखी भुंकली. पाणी विचारले, नको म्हणाले. दोन दिवसांनी आकडा आला: ६१ लाख. कारण काय तर छप्पर जुने, रस्ता अरुंद आणि प्लॉटचा मागचा तुकडा ‘ऑर्चर्ड’मध्ये, म्हणजे बागायती झोनमध्ये. मागचा तुकडा ऑर्चर्डमध्ये आहे हे आम्हाला आजवर कुणी सांगितले नव्हते.

त्यांनी चौदा पानांचा इंग्रजी करार पाठवला. मी छत्तीस वर्षे वह्या तपासल्या आहेत, लाल पेन घेऊनच बसले. त्यात असे आहे: टोकन १ लाख. त्यानंतर १२० दिवस आम्ही दुसऱ्या कुणाशी बोलायचे नाही. खरेदी कंपनी करेल ‘किंवा कंपनी नेमेल ती व्यक्ती’. आम्ही रद्द न करता येणारे मुखत्यारपत्र द्यायचे. कागदपत्रांच्या आणि बांधकामाच्या तपासणीनंतर भाव ‘सुधारण्याचा’ हक्क त्यांचा. आम्ही माघार घेतली तर टोकन दुप्पट आणि वर त्यांचा खर्च. त्यांनी माघार घेतली तर काय, हे चौदा पानांत कुठेही नाही.

मग पंधरा दिवस कुठले, असे त्या मुलीला विचारले. म्हणाली, “मॅडम, वो पेपर क्लियर होने के बाद.”

आणखी एक गोष्ट. फोनवर त्यांच्या ‘सीनियर’ने सुचवले की खरेदीखतात ४५ लाख दाखवू आणि उरलेले ‘दुसऱ्या पद्धतीने’ देऊ. म्हणजे आम्हाला कर कमी बसेल म्हणे.

भाऊ म्हणतो देऊन टाकू, हातात येईल ते आपले. बहीण म्हणते तुला काय ते कर. २४ लाखांचा फरक म्हणजे घाईची किंमत, की माझ्याच मूर्खपणाची? कुणी अशा कंपनीला घर दिले आहे का?

कागद किती आहेत तेही सांगते: वडिलांच्या नावाचे खरेदीखत, त्यांच्याच नावाचा एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा, पंचायतीची घरपट्टी आणि वीजबिल. सगळीकडे अजून वडीलच आहेत.

तुळशीवृंदावन

विकू नका हो. घर पुन्हा होत नाही. चतुर्थीला गणपतीवर फळांची माटोळी कुठे बांधणार? आमच्या मामांनी विकले, आजही रडतात.

फोंड्याची_बाय

माटोळी तीन वर्षे फोंड्याच्या फ्लॅटमध्ये बांधते आहे. फ्लॅटची उंची कमी, तेव्हा नारळाचा घड गणपतीच्या मुकुटाला टेकतो, पण चालते. तुम्ही मे महिन्यात नळे परतायला येणार असाल तर पत्ता देते.

म्हापशेकार_७२

बाय, मी दिले आहे. घर नव्हे, पर्वरीतला दोन बेडरूमचा फ्लॅट, अशाच एका कंपनीला. चांगलेच झाले म्हणून लिहितो, सगळे त्यांना शिव्याच घालतात.

फ्लॅट माझ्या आणि बायकोच्या नावावर, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, सोसायटीचा ना-हरकत दाखला, बँकेचे कर्ज फेडल्याचे पत्र, सगळे एका फायलीत. बाजारात ७० मिळाले असते, त्यांनी ६२ दिले. चोविसाव्या दिवशी सब-रजिस्ट्रारकडे खरेदीखत झाले, पैसे बँकेत. मला मुलीकडे कॅनडाला जायचे होते, चार महिने गिऱ्हाइकांना चहा पाजायची ताकद नव्हती. आठ लाख मी त्याचेच मोजले.

पण दोन गोष्टी. मी मुखत्यारपत्र दिले नाही, त्यांनी मागितलेही नाही. आणि माझे खरेदीखत कंपनीच्याच नावावर झाले. तुमच्या करारात ‘नेमेल ती व्यक्ती’ आहे, ते मला बरे दिसत नाही. म्हणजे त्यांच्याकडे पैसा नसणार. तुमचा करार हातात ठेवून ते गिऱ्हाईक शोधणार. मग म्हापशाच्या एजंटाने काय वाईट केले? तो निदान मुखत्यारपत्र मागत नाही.

बार्देशची_वकीलबाय

मी रोज सब-रजिस्ट्रारच्या दारात असते, म्हणून लांब लिहिते. तुमच्या कुठल्याही कागदाची सही-शिक्क्यांसह खात्री मी केलेली नाही, तेव्हा याला सल्ला समजू नका, माहिती समजा.

तुम्ही भावावर अडला आहात, पण तुमची अडचण भाव नाही. आजच्या घडीला तुम्ही तिघे ते घर कुणालाच विकू शकत नाही, ६१ ला नाही आणि ८५ लाही नाही. कागदोपत्री मालक वडील आहेत आणि वडील हयात नाहीत. आधी वारस कोण हे कायद्याने ठरले पाहिजे. तुमच्यात वाद नाही म्हणता, तर सोपा मार्ग आहे: स्पेशल नोटरीपुढे डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारस कोण ते नोंदवणारा दस्त. आपल्याकडे यासाठी २०१२ चा वारसा आणि इन्व्हेंटरीचा कायदा आहे, तो २०१६ पासून लागू झाला. आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, तुम्हा तिघांचे जन्माचे आणि लग्नाचे दाखले काढायला लागा. एक जरी वारस अडून बसला तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मिळकतीच्या वाटपाचे प्रकरण, आणि मग वर्षे मोजायची. तुमच्यात एकी आहे, तिचा फायदा आत्ता घ्या. भाऊ मार्चमध्ये चिडला की एकी जाईल.

दुसरे, तुम्ही ‘आम्ही तिघे’ लिहिलेत. गोव्यात तुम्ही तिघे नाही, सहा जण आहात. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची मिळकतीची पद्धत आपल्याकडे अजून चालते. वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मिळकत सामाईक, वारशाने आलेलीसुद्धा. म्हणून खरेदीखतावर तुमच्या यजमानांची, बहिणीच्या यजमानांची आणि वहिनीचीही सही लागेल. भावाचे लग्न मुंबईत नोंदवले असेल तरी वहिनीची सही घ्याच, कुठलाही शहाणा खरेदीदार ती मागेल. त्या कंपनीच्या करारात सहा नावे आहेत की तीन, बघा.

बाहेरच्या कंपन्यांना हे ठाऊक नसते असे समजू नका. ठाऊक असते. ‘पेपर क्लियर होने के बाद’ याचा अर्थच तो. कागद तुम्ही साफ करणार, तुमच्या खर्चाने, त्यांच्या १२० दिवसांत. तेवढे झाले की घराची किंमत आपोआप वाढते, पण भाव मात्र आधीच ६१ ला बांधलेला. आणि तुम्हाला वेळ पुरला नाही तर भाव ‘सुधारणार’ ते, आणि वर नाही.

मुखत्यारपत्र मुळीच नको. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. ते हातात घेऊन कुणी तुमच्या वतीने सह्या करत फिरला तर निस्तरायला तुम्हालाच फोंड्याहून यावे लागेल. बंद घरे, बाहेरगावी मालक आणि मेलेल्या माणसाच्या नावाचे उतारे, अशाच मिळकतींवर इथे डल्ला पडला आहे. २०२२ मध्ये सरकारला जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी खास तपास पथक नेमावे लागले, ते उगाच नव्हे. खरेदीखताची प्रत त्या मुलांना दिलीत का? दिली असेल तर एक-चौदाचा उतारा दर पंधरवड्याला ऑनलाइन बघत जा.

ऑर्चर्डचे म्हणाल तर त्यांच्या शब्दावर जाऊ नका. नगरनियोजन खात्याकडून झोनिंग सर्टिफिकेट काढा. खरोखर मागचा तुकडा ऑर्चर्डमध्ये असला तर भाव थोडा कमी होणे रास्त आहे, पण किती, ते तुम्ही त्या कागदावरून ठरवा.

आणि घरात किंवा मागच्या पडवीत कुणी राखणदार म्हणून राहतो का? राहत असेल तर आधी सांगा, मुंडकारीचा, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत राहणाऱ्याच्या हक्काचा, प्रश्न निघेल.

फोंड्याची_बाय

कुणी राहत नाही. खरेदीखताची प्रत दिली आहे. आता पोटात गोळा आला.

हिशेबनीस_मडगाव

वकीलबायंनी बाकी सगळे सांगितले, मी त्या ४५ लाखांवर थांबतो.

४५ हा आकडा तुमच्या करासाठी नाही हो, त्यांच्या सोयीसाठी आहे. स्थावर मिळकतीचा व्यवहार ५० लाख किंवा वर गेला की खरेदीदाराला १ टक्का टीडीएस कापून भरावा लागतो. विकणारे अनेक असले तरी रक्कम एकत्रच धरतात. ४५ दाखवले की ती नोंद टळेल, हा त्यांचा बेत. उरलेले १६ लाख रोख घेतलेत तर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणे कायद्याने मना आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका. म्हणजे सोळाचे सोळा. शिवाय सरकारी मूल्यांकन ४५ पेक्षा बऱ्यापैकी वर असेल तर तुमचा कर त्या मूल्यांकनावरच बसेल. कमी दाखवून वाचले काय?

खरे वाचवायचे तर असे. मिळकत २००१ च्या आधीची आहे, तेव्हा १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून काढून घ्या, तीच तुमची मूळ किंमत धरता येते. मग नफ्यावर साडेबारा टक्के सरळ कर की महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्के, दोन्ही हिशेब मांडून जे कमी पडेल ते. आणि गोव्याच्या जोडप्यांना एक सवलत आहे जी बाहेरच्या सीएंना बरेचदा माहीत नसते: सामाईक मिळकतीच्या कायद्याखालील नवरा-बायकोचे हे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरले जाते. तुमच्या वाट्याचा नफा तुमच्या आणि यजमानांच्या विवरणपत्रात अर्धा-अर्धा. हा कर वाचवणाऱ्या बाँडमध्ये पैसे गुंतवायचे असतील तर सहा महिन्यांच्या आत, पाच वर्षे अडकतात. डोंबिवलीच्या भावाने आपल्या सीएला हे विचारून ठेवावे.

स्विंडनकर

मी मूळचा डिचोलीचा, बारा वर्षे इंग्लंडात. इकडे हा धंदा जुना आहे, म्हणून दोन शब्द.

बायकोची नोकरी बदलली आणि आम्हाला घर पटकन काढायचे होते. बाजारभाव २ लाख ४० हजार पौंडांच्या आसपास. एका ‘झटपट खरेदी’वाल्याने फोनवर २ लाख १५ म्हटले, माणूस येऊन गेल्यावर १ लाख ९५. आम्ही कबूल झालो. इथे कराराची अदलाबदल होईपर्यंत कुणीच बांधलेला नसतो. त्या अदलाबदलीच्या आदल्या दिवशी दुपारी फोन आला, ओल सापडली, आता १ लाख ८०. सामान खोक्यांत भरलेले, नव्या घराची अनामत गेलेली. मी नाही म्हटले आणि तीन महिने दोन्हीकडचे भाडे-हप्ते भरत बसलो. शेवटी साध्या एजंटाकरवी २ लाख ३१ ला गेले.

इथल्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या तेव्हाच्या सरकारी ग्राहकसंस्थेने २०१३ मध्ये याच धंद्याची पाहणी केली होती. तक्रारी त्याच: शेवटच्या घडीला भाव पाडणे, फी आडून लावणे, आणि विकणाऱ्याला बांधून ठेवणारे करार. तुमच्या चौदा पानांत तिन्ही दिसतात. माणसे कुठूनतरी शिकतातच.

मला तेव्हा कुणी शिकवले असते तर मी पहिल्या फोनवर एकच विचारले असते: पैसे तुमचे की दुसऱ्याचे? बँकेचे पत्र दाखवा. तुम्ही विचारून बघा आणि काय उत्तर येते ते इथे लिहा, मला खरेच बघायचे आहे.

म्हापशेकार_७२

स्विंडनकार, तुम्ही घाबरवता. पण बरोबर आहे. मी विचारले होते, आणि त्यांनी पत्र दाखवले होते.

फोंड्याची_बाय

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमा.

विचारले. त्या गोड मुलीला मराठीतच विचारले, पैसे तुमचे की दुसऱ्याचे, आणि बँकेचे पत्र मिळेल का. ती म्हणाली सीनियरला विचारून सांगते. सीनियरचा फोन आला, तो म्हणाला मॅडम, तुम्हाला आमच्यावर विश्वास नाही का. मी म्हटले बाळा, मी छत्तीस वर्षांत पाठांतर न करता आलेल्या मुलांकडून हेच वाक्य ऐकले आहे. त्यानंतर फोन नाही. मेसेज मात्र आला: ‘ऑफर ६४ तक बढ़ सकता है, सिर्फ इस हफ्ते.’ हफ्ता होऊन गेला. अजून बढ़तोच आहे बहुधा.

करार सही न करता परत पाठवला. लाल पेनच्या खुणांसकट पाठवायचा मोह झाला होता, यजमानांनी आवरले.

पण भावाचे १६ लाख राहतातच ना. तर असे केले: बहिणीने आणि मी मिळून त्याला ९ लाख दिले, घर विकल्यावर त्याच्या वाट्यातून वळते करायचे. साध्या कागदावर लिहून तिघांनी सह्या केल्या. (वकीलबाय, सहा जणांनी केल्या. शिकले.) उरलेले तो डोंबिवलीच्या पतसंस्थेतून काढतो आहे. व्याज जाईल, पण मी मांडून बघितले, वर्षभराचे व्याज अधिक नळे अधिक माझे बसभाडे मिळून दीड लाखाच्या पुढे जात नाही. चोवीस लाखांपुढे ते काहीच नाही. हे गणित मी आधी का मांडले नाही याची लाज वाटते, चौथीचे गणित आहे.

झोनिंग सर्टिफिकेटसाठी अर्ज दिला आहे. एक-चौदाचा उतारा बघितला, वडीलच आहेत अजून. इतकी वर्षे ते नाव बघून बरे वाटायचे, आता पंधरवड्याने बघते तेव्हा धास्तीनेच.

म्हापशाच्या एजंटाला खरे सांगितले, की वारसाचे कागद व्हायचे आहेत. तो म्हणाला बाय, हे पहिल्या दिवशी सांगितले असते तर मी गिऱ्हाइके तरी आणली नसती, दोघे त्याच प्रश्नावर परत गेले. मला कुणी सांगितले नाही ते. मला वाटले त्यांना विहीर आवडली नाही.

डीड ऑफ सक्सेशनसाठी माझे आणि बहिणीचे दाखले मिळाले. आईच्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव माहेरचे पडले आहे, ते दुरुस्तीला गेले. आणि आत्ताच वहिनीचा फोन आला, लग्नाचा दाखला सापडत नाही, १९९८ मध्ये नोंदवला होता की नाही तेच आठवत नाही म्हणते. वकीलबाय, आता काय करायचे?